संदर्भसूचीत नाव घालण्यापूर्वी

प्रबंधातील पूर्वसंशोधनाचा आढावा लिहायला बसण्यापूर्वी प्रत्येक संदर्भ कसा पारखून घ्यावा, ते येथे नोंदवत आहे. मी हे काम एकदा अर्धवट केले आणि मौखिक परीक्षेत बाह्य परीक्षकांनी माझ्या दुसऱ्या प्रकरणातील एका निबंधावर बोट ठेवले. तो निबंध केव्हाच मागे घेतला गेला होता.

लेखक, संस्था, वर्ष सगळेच पाहतात. जर्नलचे संकेतस्थळ मात्र प्रकाशकाच्या मुख्य संकेतस्थळावरूनच गाठावे, कारण बनावट जर्नले खऱ्याचे नाव आणि आयएसएसएन हा जर्नलचा ओळख क्रमांकही जसाच्या तसा छापतात. यूजीसी-केअर या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य जर्नलांच्या यादीच्या भरवशावर तर मुळीच राहू नये. २०२५ मध्ये ती बंद झाली.

आता जे मी विसरले ते. निबंध मागे घेतला गेला आहे का, हे पाहा. कोविडवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाच्या वापराविषयीचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमध्ये २२ मे २०२० रोजी आला. ६७१ रुग्णालयांतील ९६ हजारांवर रुग्णांची माहिती वापरल्याचा त्यात दावा होता. मूळ माहिती स्वतंत्र तपासणीसाठी मिळेना, म्हणून चारपैकी तीन लेखकांनी ४ जूनला तो मागे घेतला. मी तो त्या तेरा दिवसांतच उतरवून घेतला होता. जर्नलच्या पानावर तो मागे घेतल्याचे स्पष्ट लिहिलेले होते, पण माझ्या फोल्डरमधल्या पीडीएफवर त्याचे चिन्हही नव्हते, आणि मी दोन वर्षे तीच प्रत उघडत राहिले. साठवलेल्या प्रतीवर विसंबू नका. डीओआयवरून, म्हणजे निबंधाच्या कायमस्वरूपी ओळख क्रमांकावरून, जर्नलचे पान नव्याने उघडा, मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या डेटाबेसमध्ये शीर्षक शोधा. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात उमटणारी धोक्याची सूचना डोळ्यांआड करू नका. निबंध जुना आहे म्हणून निर्धास्तही राहू नका: लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा, अवघ्या बारा मुलांवर आधारलेला १९९८ चा निबंध त्याच जर्नलने पूर्णपणे मागे घेतला तो २०१० मध्ये. त्यामुळे ही तपासणी एकदा करून भागत नाही. लिहिताना करा, मार्गदर्शकांना प्रकरण देताना करा.

नमुना किती, पैसा कोणाचा, हे निबंधातच दिलेले असते, वाचावे. प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांच्या तपासणीआधीच प्रसिद्ध केलेला निबंध, असेल तर तसे नमूद करावे. दुसऱ्याच्या सूचीतून उचललेला संदर्भ मुळातून वाचल्याशिवाय घेऊ नये. आणि प्रबंध बांधणीला टाकण्याच्या आदल्या दिवशी सगळे डीओआय पुन्हा उघडावेत, एकही न वगळता.