संशय नेमका घ्यायचा कसा

संशयवादी म्हणजे कशावरच विश्वास नसलेला माणूस, हा समज आधी बाजूला ठेवा. ग्रीक ‘स्केप्टिकोस’ म्हणजे शोध घेत राहणारा. ‘देव आहे’ म्हणणारा आस्तिक आणि ‘नाही’ म्हणणारा नास्तिक, दोघांचाही शोध संपलेला असतो. (दर्शनांत आस्तिक म्हणजे वेद प्रमाण मानणारा, तो अर्थ इथे नको.) ‘हे कधीच कळणार नाही’ म्हणणाऱ्यालाही प्राचीन ग्रीक संशयवादी लेखक सेक्स्टस एम्पिरिकस आपल्यात धरत नाही, कारण तोही ठाम दावाच.

दावा एका वाक्यात लिहा. ‘धर्म चांगला’ असली मोघम वाक्यं तपासता येत नाहीत. समजा लिहिलं, ‘या ग्रंथातलं सगळं खरं आहे.’ कशावरून? ईश्वराने सांगितलंय. ते कशावरून? ग्रंथातच तसं म्हटलंय. हा अन्योन्याश्रय, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींच्याच आधारावर उभ्या. प्रत्येक कारणाला नवं कारण लागत गेलं तर अनवस्था, म्हणजे न संपणारी साखळी. ‘ते मानायचंच’ असं म्हणून थांबलात तर निव्वळ गृहीतक. अग्रिप्पा या प्राचीन संशयवाद्याच्या, दावा तपासायच्या पाच युक्त्यांपैकी या तीन सगळ्यांत धारदार. उत्तर यांपैकी कुठे अडकलं ते दाव्याशेजारी नोंदवा.

आता हेच प्रश्न उलट दाव्याला लावा. बहुतेक जण इथेच घसरतात. ‘ग्रंथ माणसांनीच रचला, कारण ईश्वर नाही’, हेही कशावरून? एकाच बाजूला लावलेला संशय ही वकिली झाली. दोन्ही पारडी सारखी राहिली तर निर्णय स्थगित ठेवा. याला ‘एपोखे’ म्हणतात. एक जड वाटलं तर ओढूनताणून बरोबरी करू नका. ग्रीक तत्त्वज्ञ कार्निएडीझ अशा वेळी ‘पटण्याजोगं’ धरून चालायला मोकळीक देतो.

न्यायदर्शनात, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या भारतीय दर्शनात, संशय हा 16 पदार्थांपैकी (विचाराच्या विषयांपैकी) एक. संधिप्रकाशात दूर काहीतरी उभं दिसतं, खांब की माणूस? उंची दोघांनाही असते, म्हणून उंची मोजून उपयोग नाही. हातपाय दिसतात का ते पाहा. फरक दाखवणारी खूण सापडली की संशय सोडायचा. नंतरही धरून बसलात तर तो हट्ट.

निर्णय स्थगित ठेवला तरी रोजचं जगणं अडत नाही. मध गोड लागतो हे सेक्स्टसला मान्यच आहे. तो मुळातच गोड आहे का, एवढंच तो उघडं ठेवतो. भूक, रीतिरिवाज, शिकलेलं कसब यांवर दिवस चालतो, रीतीप्रमाणे पूजाही होते.

‘काहीच ठरवता येत नाही’ हे वाक्यही तपासायच्या यादीत घाला. सेक्स्टस त्याला रेचकाची उपमा देतो: पोटातल्या मळाबरोबर तेही बाहेर पडतं.