फोर्ट्रानमध्ये कॉलबॅक: फंक्शनसोबत त्याचा डेटाही पाठवा

इंटिग्रेशनचं रुटीन एकदाच लिहायचं आणि फंक्शन दर वेळी वेगळं द्यायचं, ही कॉलबॅकची (म्हणजे रुटीनने आतून बोलवावं म्हणून त्याला दिलेल्या फंक्शनची) नेहमीची गरज. अडचण येते ती फंक्शनच्या पॅरामीटरांची. ‘ए गुणिले एक्स्प(-बी एक्स)’ यातले ए आणि बी फंक्शनपर्यंत पोहोचवायचे कसे? फोर्ट्रान ७७ मध्ये ते कॉमन ब्लॉकमधून (सगळ्या रुटीनांच्या सामाईक मेमरीतून) जात, नंतर मॉड्यूल व्हेरिएबलमधून. पण ओपनएमपीचे (समांतर प्रोग्रॅमिंगच्या सोयीचे) दोन थ्रेड वेगवेगळा बी घेऊन एकाच वेळी धावले की उत्तरं बिघडतात, आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. फोर्ट्रान २००३ पासूनचा ॲब्स्ट्रॅक्ट टाइप हा त्यावरचा सर्वांत स्वच्छ उपाय आहे.

आधी एका मॉड्यूलमध्ये ‘टाइप, ॲब्स्ट्रॅक्ट’ असा रिकामा टाइप घोषित करा. त्याला इंटिग्रँड_टी म्हणू. त्यात ‘कंटेन्स’खाली ‘इव्हॅल’ नावाची डिफर्ड प्रोसीजर, म्हणजे जिचा कोड वारस टाइप नंतर पुरवतो अशी, ठेवा. तिची सही (आर्ग्युमेंटं आणि निकाल यांचं वर्णन) त्याच मॉड्यूलमधल्या ‘ॲब्स्ट्रॅक्ट इंटरफेस’मध्ये लिहायची: पहिलं आर्ग्युमेंट ‘सेल्फ’, दुसरं ‘एक्स’, निकाल रिअल. इथे ‘इम्पोर्ट’ विसरू नका. इंटरफेसच्या आतल्या भागाला बाहेरची नावं आपोआप दिसत नाहीत, त्यामुळे इंटिग्रँड_टी आणि तुमचा डीपी (डबल प्रिसिजन) काइंड दोन्ही अनोळखी ठरतात. ‘सेल्फ’ची घोषणा ‘क्लास’ने करा, ‘टाइप’ने नव्हे.

सिम्पसनच्या नियमाने इंटिग्रेशन करणाऱ्या रुटीनला आता ‘क्लास(इंटिग्रँड_टी), इंटेंट(इन)’ (म्हणजे फक्त वाचायचं) असं ‘एफ’ नावाचं आर्ग्युमेंट द्या आणि आत ‘एफ%इव्हॅल(एक्स)’ बोलवा. आत बेरजेचं व्हेरिएबल असेल, त्याला घोषणेतच शून्य देऊ नका. तसं केलं की त्याला ‘सेव्ह’ गुणधर्म आपसूक चिकटतो आणि दुसऱ्या कॉलला जुनी बेरीज तशीच पुढे येते. शून्य वेगळ्या ओळीत द्या.

वापरणाऱ्याने ‘एक्स्टेंड्स(इंटिग्रँड_टी)’ लावून डीके_टी करायचा, त्यात ए आणि बी ठेवायचे आणि इव्हॅल स्वतःच्या फंक्शनला जोडायचं. सेल्फचा टाइप बदलतो, बाकी सही तंतोतंत तीच हवी. दुसऱ्या आर्ग्युमेंटचं नाव ‘एक्स’ऐवजी ‘टी’ ठेवलं तरी कंपायलर अडवतो; नवशिक्यांना छळणारी ही एक चूक. मूळ सही ‘प्युअर’ असेल तर नवी प्रोसीजरही प्युअरच लागते.

तपासणीसाठी ए २, बी १, मर्यादा ० ते १ आणि १० भाग घ्या, उत्तर १.२६४२४ यायला हवं. इंटेंट इन असल्यामुळे डीके_टी(२, १) हा कन्स्ट्रक्टर थेट कॉलमध्येच लिहिता येतो. फंक्शन किती वेळा बोलावलं गेलं हे ऑब्जेक्टमध्येच मोजायचं असेल, तर सेल्फ ‘इनआउट’ करावा लागतो. मग तो बदल इंटरफेसपासून सिम्पसनपर्यंत सगळीकडे करा, आणि कन्स्ट्रक्टरऐवजी घोषित व्हेरिएबल द्या.

फोर्ट्रान २००८ पासून इंटर्नल प्रोसीजरही (दुसऱ्या प्रोसीजरच्या आत लिहिलेली) आर्ग्युमेंट म्हणून चालते, आणि छोट्या कामाला ती पुरेशी आहे. मात्र लिनक्सवर जीफोर्ट्रान हा कंपायलर त्यासाठी सहसा स्टॅकवर ट्रॅम्पोलिन, म्हणजे रन टाइमला तयार होणारा छोटा कोड, उभारतो, त्यामुळे एक्झिक्यूटेबल स्टॅकला मनाई असलेल्या सिस्टिमवर प्रोग्रॅम कोसळतो. ॲब्स्ट्रॅक्ट टाइपला ही अडचण नाही.

वेगाचं काय? प्रत्येक इव्हॅल कॉल रन टाइमला ठरतो, म्हणून तो बहुधा इनलाइन होत नाही (फंक्शनचा कोड कॉलच्या जागीच बसवला जात नाही). फंक्शन जड असेल तर फरक जाणवणार नाही. फंक्शन हलकं आणि कॉल लाखो असतील, तर एक्सचा ॲरे घेऊन मूल्यांचा ॲरे परत देणारी सही ठेवा. एका कॉलमध्ये सगळे बिंदू उरकतात आणि आतल्या लूपचं व्हेक्टरायझेशनही (एका सूचनेत अनेक मूल्यांवर काम) होऊ शकतं.

दुहेरी इंटिग्रेशनमध्ये बाहेरच्या ऑब्जेक्टचा इव्हॅल आतून पुन्हा सिम्पसनलाच बोलावतो. फोर्ट्रान २०१८ च्या आधीच्या नियमांत अशा रुटीनला ‘रिकर्सिव्ह’ लावणं सक्तीचं होतं. जुने कंपायलर वापरात असतील तर सिम्पसन आणि इव्हॅल दोन्हींना ते लावून ठेवा.