सी ड्राइव्ह लाल झालाय? पुसायला बसण्याआधी या चुका टाळा

पुण्यातल्या डहाणूकर कॉलनीत आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांचा फोन आला. "अरे, दोन तास झाले पुसतोय, तरी ती लाल पट्टी जशीच्या तशी. कॉम्प्युटर गेला का रे?"

खाली जाऊन पाहिलं. २०१४ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप, ५०० जीबीची हार्ड डिस्क. सी ड्राइव्हवर जेमतेम एक जीबी शिल्लक. आणि काका पुसत होते ई ड्राइव्हवरून, तेही शिफ्ट दाबून डिलीट. उडवलेल्या फोल्डरचं नाव 'भजनी मंडळ'. काकूंना अजून पत्ता नव्हता.

भरलंय एकीकडे, पुसताय दुसरीकडे

आपल्याकडे असेंबल करून देणाऱ्यांची जुनी सवय म्हणजे एकाच डिस्कचे तीन-चार भाग पाडायचे. सी ला शंभर जीबी, बाकी डी, ई, एफ. पूर्वी ते सोयीचं होतं, विंडोज उडालं तरी डी वरचे फोटो वाचायचे. पण विंडोज फुगत गेलं आणि सी चा डबा तेवढाच राहिला. साखरेच्या डब्यातून दोन वाट्या साखर काढली म्हणून चहाच्या डब्यात जागा होत नाही. काकांच्या ई ड्राइव्हवर दीडशे जीबी रिकामे होते, तिथून काही पुसायची गरजच नव्हती.

(५०० जीबीच्या डिस्कवर ४६५ च दिसतात म्हणून दुकानदाराशी भांडू नका. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या. जागा कोणी चोरलेली नाही.)

साधं डिलीट केलं तर फाइल त्याच ड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये पडून राहते. बिन रिकामा करेपर्यंत जागा सुटत नाही. शिफ्ट-डिलीट बिनला वळसा घालतं, म्हणून परतीची वाटही बंद. पेन ड्राइव्हवरून पुसलेलंही सहसा बिनमध्ये येत नाही.

पुसलं गेलं? मग त्या ड्राइव्हला हात लावू नका

मी आधी काकांच्या हातातून माऊस काढून घेतला. हार्ड डिस्कवर फाइल पुसली तरी मजकूर लगेच जात नाही, ती जागा वापरायला मोकळी आहे एवढीच नोंद होते. तिथे नवीन काही लिहिलं गेलं की मात्र संपलं. लोक घाबरून रिकव्हरीचं सॉफ्टवेअर शोधतात आणि नेमकं त्याच ड्राइव्हवर उतरवतात. ते पेन ड्राइव्हवर घ्या आणि सापडलेल्या फाइल्सही दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपवरची डिस्क, असेल तर आशा फार ठेवू नका. तिथे ट्रिम नावाची सोय पुसलेली जागा आतून खरोखरच साफ करत असते.

ई वर नंतर काही लिहिलं गेलं नव्हतं, म्हणून बरीचशी रेकॉर्डिंग परत आली. नावं गेली. 'जेजुरीची पालखी, बैठक दुसरी' आता एक लांबलचक आकडा झाली होती.

अंदाजाने पुसणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि जवळजवळ प्रत्येक घरात होते. माणूस आधी फोटोंवर तुटून पडतो. ओळखीचे तेवढेच असतात ना! दोन-तीन एमबीचे दोनशे फोटो मन घट्ट करून काढले तरी अर्धा जीबी सुटतो. तिकडे कोपऱ्यात एकच फाइल अठरा जीबी दाबून बसलेली असते.

आधी मोजा. विझट्री हे ड्राइव्हवरची जागा मोजणारं सॉफ्टवेअर घरगुती वापराला फुकट आहे. ते एनटीएफएसची (विंडोज ज्या पद्धतीने ड्राइव्हवर फाइल्स मांडतं तिची) मुख्य नोंदवहीच वाचत असल्यामुळे काही सेकंदांत सगळा ड्राइव्ह लहान-मोठ्या चौकोनांत मांडून दाखवतं. मोठा चौकोन दिसला की त्यावर क्लिक करा, कुठला फोल्डर ते कळतं. काकांकडे पहिला चौकोन निघाला मुलाच्या जुन्या आयफोनच्या बॅकअपचा. मुलगा फोन बदलून चार वर्षं झाली होती. दुसरा डाउनलोड्सचा: एकाच लग्नाची पत्रिका, नावापुढे कंसात एक, दोन, तीन करत थेट सात. ब्राउझरवर व्हॉट्सॲप उघडून तीच फाइल प्रत्येक वेळी नव्याने डाउनलोड केली की असंच होतं.

विंडोजच्या घरात हाताने घुसणं

मोजणी झाली की मोठे चौकोन विंडोजच्या फोल्डरमध्येही दिसतात आणि हात शिवशिवतात. विनएसएक्सएस दहा जीबी? उडवा! उडवू नका. तिथल्या कित्येक फाइल्स दुसरीकडच्याच फाइल्सची दुसरी नावं असतात, दोनदा मोजल्यामुळे आकडा फुगतो. विंडोजच्या आतला इन्स्टॉलर फोल्डरही तसाच नाजूक. तो रिकामा केला तर आज काही बिघडत नाही. सहा महिन्यांनी एखादं सॉफ्टवेअर अपडेट किंवा काढायला गेलात की ते अडून बसतं.

योग्य दार म्हणजे डिस्क क्लीनअप, त्यात 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स'. नाहीतर सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. मोठ्या अपडेटनंतर उरलेला विंडोज डॉट ओल्ड, म्हणजे आधीच्या विंडोजचा फोल्डर, इथून सुरक्षित जातो. दहा दिवसांत तो सहसा आपोआपही जातो, पण जुन्या मशीनवर कधीकधी चिकटून राहतो. या यादीत डाउनलोड्सवरही खूण करता येते. ती करण्याआधी आत काय आहे ते बघा. आयकर रिटर्नच्या पावत्या आणि लाइटची बिलं तिथेच असतात, 'नंतर नीट ठेवू' म्हणून ठेवलेली.

हायबरनेशन म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून मशीन बंद करणं. त्याची फाइल रॅमच्या सुमारे ४० टक्के असते, म्हणजे आठ जीबी रॅमला तीन जीबीच्या वर. डेस्कटॉप हायबरनेट कोण करतं? कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि फोनवर काकांना सांगतो तसं इंग्रजीत टाइप करा: पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ. मात्र यामुळे फास्ट स्टार्टअपही बंद होतो, त्यामुळे हार्ड डिस्कवरचं मशीन सकाळी थोडं रेंगाळत उठेल.

रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणारी सॉफ्टवेअर्स नकोतच. जागेच्या हिशेबात त्यातून काही सुटत नाही.

फॉन्ट पुसणं

याबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम. पुण्यात २००० च्या आसपास ज्यांनी मराठी टायपिंग केलं, त्यांच्याकडे श्रीलिपी, सीडॅकचं आयएसएम, शिवाजी असले फॉन्ट असतात. ते युनिकोड, म्हणजे सगळीकडे एकसारखी चालणारी आजची अक्षरपद्धत, वापरत नाहीत. फाइलमध्ये खरं तर वेगळीच अक्षरं साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट गेला की सोसायटीचा वीस वर्षांपूर्वीचा ठराव इंग्रजी अक्षरांचा चिवडा होतो. एक फॉन्ट असतो काही शे केबीचा, पुसून मिळतं काय? एकदा एका दुकानात मशीन फॉरमॅट करून आणलं, तेव्हा माझ्याच वडिलांची पत्रं अशी गेली होती. जुनी फॉन्टची फाइल एका नातेवाइकाकडे मिळाली म्हणून निभावलं. फॉरमॅटआधी फॉन्टचा फोल्डर वेगळा कॉपी करून ठेवा. महत्त्वाची कागदपत्रं पीडीएफ करून ठेवलीत तर आणखी बरं.

हलवताना होणारे घोटाळे

सी भरलाय आणि ई रिकामा, मग हलवायचं. पण प्रोग्राम फाइल्स ओढून ई वर टाकू नका, एकही सॉफ्टवेअर धड उघडणार नाही. पिक्चर्स, व्हिडिओज, डाउनलोड्स हे फोल्डर मात्र रीतसर हलतात: राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह. इथे एक खड्डा आहे. ई वर आधी नवा फोल्डर बनवा आणि तो दाखवा. नुसता ई दाखवलात तर अख्खा ड्राइव्हच 'पिक्चर्स' होऊन बसतो आणि पूर्ववत करताना घाम फुटतो.

एका ड्राइव्हवरून दुसरीकडे नेताना कट-पेस्ट नको, कॉपीच करा. दोन्हीकडे प्रॉपर्टीजमध्ये फाइल्सची संख्या आणि आकार जुळवा, दोन-चार उघडून बघा, मग जुनं पुसा. आणि हे काम गुरुवारी काढू नका. पुण्यात देखभालीच्या कामासाठी गुरुवारी वीज जाते ते नव्याने सांगायला नको.

पेन ड्राइव्हवर मोठा व्हिडिओ जात नसेल तर जागा कमी आहे असं समजू नका. तो फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, त्यात एक फाइल चार जीबीच्या आतच मावते. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, अर्थात आतलं आधी काढून घेऊन.

वनड्राइव्हच्या (मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्याच्या) फोल्डरमधली फाइल पुसली की ती क्लाउडवरूनही जाते, मग फोनवरही दिसत नाही. वैयक्तिक खात्याच्या रिसायकल बिनमध्ये ती ३० दिवस राहते, तेवढीच मुदत. फक्त कॉम्प्युटरवरची जागा हवी असेल तर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' निवडा.

मरणाऱ्या डिस्कची सफाई

डिस्क दहा वर्षांची असेल आणि कटकट आवाज येत असेल, तर सफाई, डिफ्रॅग, पार्टिशन मोठं करणं, सगळं थांबवा. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर चालवून बघा. पिवळ्या रंगात 'कॉशन' दिसलं तर त्या दिवशी एकच काम: महत्त्वाचं बाहेर कॉपी करणं. काकांची डिस्क निळी निघाली, म्हणजे अजून ठीक. तरी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून एसएसडी आणायचं ठरलंय. सी तेवढा मोठा होईल, मशीनही पळेल. पण विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि २०१४ चं मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, तेव्हा या डेस्कटॉपवरून बँकेचे व्यवहार करू नका असं मी काकांना बजावलंय.

सी वर आता चाळीसेक जीबी मोकळे आहेत. काकू रोज दुपारी हेडफोन लावून बसतात. एकेक रेकॉर्डिंग ऐकायचं आणि काकांना नाव सांगायचं. काका टाइप करतात, एका बोटाने.