जुनं टाइड गेजचं रेकॉर्ड वाचताना या चुका टाळा

मुंबईच्या अपोलो बंदरावरच्या टाइड गेजच्या, म्हणजे समुद्राच्या पाण्याची उंची नोंदवणाऱ्या यंत्राच्या, नोंदी 1878 पासूनच्या आहेत. हिंदी महासागरात एवढं जुनं रेकॉर्ड फार कमी ठिकाणी मिळतं, म्हणून कोणी ते घाईघाईत एक्सेलमध्ये टाकून समुद्र किती चढला ते काढायला त्यावर सरळ रेघ मारली की खरंच वाईट वाटतं.

आधी नोंद कुठल्या वेळेत आहे ते बघा. मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे होती, 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ आली ती साडेपाच तासांची, म्हणजे 39 मिनिटांचा फरक. उधाणाच्या दिवसांत भरती अर्धी झालेली असताना इथे पाणी तासाला मीटरभर चढतं, त्यामुळे वेळ चुकली की उंची सहज अर्ध्या मीटरने चुकते.

दुसरी भानगड विहिरीची. हेन्री पामरने 1831 मध्ये ज्या आपोआप नोंद करणाऱ्या गेजची माहिती छापली, त्याच पद्धतीची यंत्रं पुढे शंभरेक वर्षं चालली. उभी विहीर, तळाला लहान छिद्र, आत फ्लोट, त्याची तार घड्याळावर फिरणाऱ्या ड्रमच्या पेन्सिलीला. छिद्र मुद्दाम लहान, म्हणजे लाटा बाहेर राहतात आणि भरती आत येते. पण त्यात गाळ बसला, कालवं चिकटली की आतलं पाणी मागे पडतं, भरती कमी आणि ओहोटी कमी खोल दिसते. तपासायचं असेल तर उधाणाला पूर्ण भरती-ओहोटीभर बाहेरच्या पट्टीवर पाणी वाचा आणि गेजशी ताडून बघा. चढताना आणि उतरताना फरक वेगळा येतोय पण माथ्याची उंची जुळतेय तर घड्याळ चुकलंय, माथाच बुटका झालाय तर आधी छिद्र साफ करा.

गेज समुद्र मोजतं ते जमिनीच्या तुलनेत, हे तर बरेच जण विसरतातच. स्टॉकहोमला 1774 पासूनच्या नोंदींत पाणी खाली जाताना दिसतं, कारण हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यावर तिथली जमीन अजून वर येतेय.

विहिरीच्या गेजच्या जागी नवं रडार गेज बसवत असाल तर लक्षात ठेवा, ते वरून पाण्यापर्यंतचं अंतर मोजतं, आकडा कमी झाला म्हणजे पाणी चढलं, चिन्ह उलटं करायला विसरू नका. आणि जुनं यंत्र काढायच्या आधी दोन्ही काही महिने शेजारी-शेजारी चालवा, दोन्हींची उंची जमिनीवरच्या त्याच बेंचमार्कशी (उंची मोजायच्या पक्क्या खुणेशी) जोडून घ्या, नाहीतर बदलाच्या दिवशी रेकॉर्डमध्ये जी पायरी पडते ती नंतर कोणालाच नीट काढता येत नाही.