जुन्या गेमसाठी स्वस्त लॅपटॉप घेताना

प्लेस्टेशन १, पीएसपी, सुपर निन्टेंडोचे गेम इम्युलेटरवर (जुन्या गेमिंग यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) खेळायला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. उगाच ‘गेमिंग’ लॅपटॉप गळ्यात मारून घेऊ नका.

१. सेलेरॉन (इंटेलचा स्वस्तातला, कमी ताकदीचा प्रोसेसर) असलेल्या नव्या लॅपटॉपपेक्षा ऑफिसातून निघालेला सेकंडहँड बरा. कोअर आय५-८२५०यू किंवा त्यापुढचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, एसएसडी. रॅम ४+४ अशा दोन पट्ट्यांत असेल तर उत्तम, कारण ग्राफिक्सही तीच रॅम वापरतं.

२. पेनड्राइव्हवर पीपीएसएसपीपी (पीएसपीचा इम्युलेटर) आणि स्वतःच्या डिस्कवरून काढलेला गेम न्या. दुकानातच १५ मिनिटं चालवा. सुरुवातीला नीट चालून मग आवाज तुटायला लागला, तर लॅपटॉप तापून मंदावतोय.

३. आपल्याकडे, मालवण-रत्नागिरीच्या पट्ट्यात, हे सगळ्यात महत्त्वाचं: मोबाईलचा टॉर्च यूएसबी आणि एचडीएमआयच्या खाचांत मारा. पिनांवर हिरवट किंवा पांढरट पूड दिसली, पंख्याच्या जाळीजवळचे स्क्रू गंजलेले असले, तर खारी हवा आत पोचलीय. कितीही स्वस्त मिळो, तो नकोच. मदरबोर्ड गेला की दुरुस्ती परवडत नाही.

मात्र एवढ्यावर पीएस२चे जड गेम सुरळीत चालतील अशी आशा धरू नका.