मासेमारीच्या जुन्या रीळवर तंगूसला पीळ पडतोय? आधी रोलर बघा

पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मिळणारी जुनी स्पिनिंग रीळ दणकट असतात, पण चार-पाच फेकींतच तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) पिळवटतो आणि त्याची वेटोळी सुटता सुटत नाहीत. लोक तंगूस बदलत बसतात. दोष बहुतेक वेळा बेलच्या (तंगूस रीळवर गुंडाळणाऱ्या तारेच्या कमानीच्या) टोकाला असलेल्या छोट्या रोलरचा असतो.

रोलरवर मार्करने ठिपका काढा आणि तंगूस ताणून त्यावरून ओढा. ठिपका जागचा हलला नाही, तर रोलर जाम आहे.

१. स्क्रू काढा. आतले वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कागदावर मांडून फोटो काढा. हे टाळू नका, ते तांदळाच्या दाण्याएवढे असतात.
२. रोलर रॉकेलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने घासा. खाच पडली असेल तर २००० नंबरच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. खाच नखाला लागते, डोळ्यांना दिसेलच असं नाही. खोल असेल तर रोलरच बदला.
३. शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब टाका आणि जोडा. ग्रीस नको, त्यात माती चिकटते.
४. बाजूने खडखडत असेल तर नायलॉनचा पातळ वॉशर घाला. माझ्या रीळमध्ये खरा फरक यानेच पडला.

स्क्रू करकचून आवळू नका, रोलर पुन्हा अडकेल. आणि मासा तंगूस ओढून नेत असताना हँडल फिरवू नका. तेव्हा रोलर कितीही चांगला असला तरी प्रत्येक फेऱ्याला पीळ चढतो.