टॅब घेताना: पंधरा हजारांचा की पस्तीसच्या पुढचा?

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून नुसती लेक्चरं बघायची असतील, तर पंधरा हजारांच्या आतला टॅब पुरतो. उगाच जास्त पैसे घालू नका. हाताने नोट्स काढायच्या असतील, तर मात्र गणित बदलतं.

तापकीर गल्लीत जा नाहीतर लक्ष्मी रोडच्या शोरूममध्ये, टाइप-सी पेनड्राइव्हवर स्वतःची ४००-५०० पानांची स्कॅन केलेली पीडीएफ घेऊन जा. ती उघडून पन्नासेक पानं भराभर सरकवा. स्वस्त टॅबवर पान आधी कोरं पांढरं दिसतं, अक्षरं मागाहून उमटतात. ४ जीबी रॅम आणि ईएमएमसी (जुन्या, संथ प्रकारचं) स्टोरेज असलं की बहुतेकदा असंच होतं. यूएफएस हा नवा प्रकार बराच वेगवान असतो. मग यूट्यूब चालू करून परत पीडीएफवर या. फाइल पुन्हा पहिल्यापासून लोड झाली, तर रॅम कमी पडतेय. मेमरी कार्डाने जागा वाढते, वेग नाही. नोट्ससाठी ६ जीबी रॅम आणि १२८ जीबी स्टोरेजच्या खाली जाऊ नका.

पेनची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. तळहात काचेवर टेकवून एक तिरकी रेघ अगदी सावकाश ओढा. रेघ नागमोडी आली किंवा तळहाताचे डाग उमटले, तर त्यावर तासभर लिहिणं होणार नाही. दोनशे रुपयांचं रबरी टोकाचं पेन म्हणजे टॅबच्या लेखी बोटच. सॅमसंगच्या टॅब एस मालिकेत एस पेन बॉक्समध्येच येतं, स्वस्त टॅब ए९ला ते चालतच नाही. ए१६ चिपचा आयपॅड २०२५मध्ये ३४,९०० रुपयांना आला, पण त्याचं पेन, म्हणजे ॲपल पेन्सिल, वेगळं घ्यावं लागतं. त्यातही टाइप-सीवाल्या पेन्सिलला दाब कळत नाही. म्हणून किंमत नेहमी पेन आणि कव्हर धरूनच लावा.

वेब सिरीज बघणार असाल तर वाइडवाइन एल१ आहे का, हे विचारा. वाइडवाइन म्हणजे व्हिडिओची कॉपी होऊ नये म्हणूनचं कुलूप, एल१ ही त्याची वरची पातळी आणि एल३ खालची. एल३ असेल तर स्क्रीन कितीही चांगली असो, नेटफ्लिक्सचं चित्र एचडी दिसत नाही.

शेवटी अपडेट. टॅब एस१० प्लसला ७ वर्षांचं आश्वासन आहे, स्वस्त टॅबना त्याहून बरंच कमी मिळतं. अपडेट थांबले की बँकेची ॲप्स आधी कुरकुरतात. बिल करण्याआधी मॉडेलचं पूर्ण नाव घेऊन कंपनीच्या साइटवर मुदत बघा, दुकानदाराच्या तोंडी हमीवर जाऊ नका.